टिचकीवालीचा कान

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे टिचकीवाली म्हणायचे. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप ती डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने टिचकी मारायची आणि ऐकायची. खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर भंगारात. डोळ्यांना न दिसणारा तडा तिच्या कानाला कळायचा. सव्वीस वर्षं हेच काम.

मग साहेबाने तिच्या टेबलावर माइक टांगला, वर कॅमेरा. म्हणाला, "मावशी, तुमच्या कानाला जरा आराम नको का?" साहेबाला कामगाराच्या कानाची काळजी वाटायला लागली की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. मी तिथेच पॅकिंगला होते. मी तिला स्पष्ट सांगितलं, "ते मशीन तुझ्याकडून शिकतंय. शिकून झालं की तुला नारळ."

"असं? मग मी त्याला उलटंच शिकवते."

दुसऱ्या दिवशी तिने अगदी बारीक तड्याचे अकरा कप मुद्दाम चांगल्यांत सरकवले. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण सुट्टीचा भोंगा वाजला तरी बाई घरी निघेना. पॅकिंगच्या खोलीत आली, खोकी उघडली, पुन्हा टिचक्या मारत अकराच्या अकरा कप बाहेर काढले.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"उकळता चहा ओतला की फुटतात हे. मांडीवर लेकरू असलं कुणाच्या तर?"

मी भडकलेच. इमानाचा इतका राग मला कधी आला नव्हता. महिनाभर तिचं हेच चाललं. दिवसा फसवायचं, भोंग्यानंतर निस्तरायचं.

पॅकिंगच्या खोलीतही कॅमेरा होता, हे आम्हाला मावशीला नारळ मिळाला त्या शेवटच्या दिवशी कळलं. साहेब हसत म्हणाला, "मावशी, तुम्ही परत काढलेले कपच सगळ्यात उपयोगी पडले. बारीक तडे मशीनला त्यावरूनच कळले."

याला ते नवं तंत्रज्ञान म्हणतात. मी म्हणते, आयत्या बिळावर नागोबा. कान मावशीचा, कष्ट मावशीचे, इमानसुद्धा मावशीचं, आणि मालकी त्याची.

निरोपाला तिला सहा कपांचा संच मिळाला, मशीनने तपासलेला. घरी आल्या आल्या तिने खोकं उघडलं आणि एकेका कपाला टिचकी मारली. एक तरी बद्द वाजावा म्हणून मी श्वास रोखून उभी होते.

सहाही खणखणीत वाजले. तेव्हा कुठे मावशी रडली.