इरसाल म्हटलं ते मंगेशदादाला

मंगेशदादा पहिल्यांदा आमच्या काचीगुड्याच्या घराच्या दारात आला तेव्हा त्याने मला विचारलं, "मंगेश आहे का?" मी म्हटलं, इथे कोणी मंगेश राहत नाही. "बरं, आला की सांगा मी येऊन गेलो," म्हणाला आणि जिना चढून वर गेला. मला वाटलं, कोण हा हौला, डोक्याने जरा कमीच. संध्याकाळी कळलं की हाच आमचा वरचा नवा भाडेकरू, नांदेडचा, आबिड्सला नोकरीला, आणि नाव मंगेश.

चेहरा कायम असा की बँकेत रांगेत उभाय. स्वतः कधी हसायचा नाही. एकदा पेपर उशिरा आला म्हणून आजोबा चिडले होते, तर याने पेपर उघडला आणि बातम्यांच्या आवाजात सुरू, "काचीगुड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिकांनी आज तिसऱ्यांदा चहा मागितला. सूनबाईंनी अद्याप प्रतिक्रिया दिलेली नाही." आजोबा इतके हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. मग म्हणाले, "इरसाल आहेस रे तू."

हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता यार. विचारलं तर आजोबा एकदम खूश, ते निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेत शिकलेले ना. उर्दूत इरसाल म्हणजे पाठवणं. गावचा वसूल सरकारात जायचा तोही इरसाल, आणि त्यात खोटं नाणं चालायचं नाही, पारखून पाठवायचे. त्यावरून, आजोबांच्या मते, मराठीत इरसाल म्हणजे अस्सल, निवडक. आणि मग अस्सल वात्रट. "असा माणूस शिकून होत नाही बेटा, वरूनच निवडून पाठवलेला असतो."

आणि मी? बावीस वर्षं मी आजोबांना हसवतेय. फॅमिली ग्रुपवर रोजचे दहा जोक माझेच असतात. मला काय म्हणतात? "गुणी पोर." गुणी!

मग मीपण केलं. जेवताना वरण वाढता वाढता बातम्यांच्या आवाजात बोलले. आजोबांनी काळजीने बघितलं. "घसा बसलाय का बेटा? हळदीचं दूध घे."

वर्षभराने मंगेशदादाला पुण्याला नोकरी लागली. जिन्यात बॅगा उतरवत होता तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं, की तो शब्द खरं तर माझा होता, तू काल आलास, मी इथे जन्मापासून आहे. त्याने बॅग खाली ठेवली. खूप गंभीरपणे विचार केला.

"घेऊन टाक," म्हणाला. "मी पुण्याला दुसरा बघतो."

आणि मी हसले ना. रडायचं होतं, भांडायचं होतं, आणि जिन्यात बसून पोट धरून हसले. तेव्हाच कळलं की आजोबांचं काही चुकलं नव्हतं. त्याचाच तर जास्त राग आला.

आता दर रविवारी आजोबा म्हणतात, मंगेशला लाव. त्यांना नंबर दिसत नाही, म्हणून मीच लावते, स्पीकर ऑन करून देते आणि किचनमध्ये जाऊन मिक्सर सुरू करते, म्हणजे त्यांचं हसणं ऐकू येत नाही. काल तर भांड्यात वाटायला काही नव्हतंच. रिकामाच फिरवला.