आठ वाजताची सही

सकाळी नऊ चाळीसला पोलीस कल्याण निधीच्या कार्यालयातली लिपिक एकच कागद तिसऱ्यांदा वाचत होती. ऑफिसात तिला सगळे 'कशावरूनबाई' म्हणत. पंखा बंद पडलाय असं कुणी सांगितलं, तरी ती आधी विचारायची, कशावरून? एकोणीस वर्षांत साहेब सहा बदलले, ही खोड काही गेली नाही.

कागद सरळ होता. वाहतुकीचा एक शिपाई चौकात ट्रकखाली सापडून गेला. अपघात संध्याकाळी आठ बाराला, आणि ठाण्याच्या हजेरीवहीत ड्युटी संपल्याची त्याची सही आठची. ड्युटीनंतरच्या मृत्यूला निधीतून एकदाच रक्कम मिळते. ड्युटीवर असताना गेला असता, तर मुलीचं शिक्षण होईपर्यंत घराला दरमहा मदत. साहेबांनी पेन्सिलीनं 'नामंजूर' लिहिलं होतं. दुपारी त्यावर शाई फिरली की विषय संपला.

तिचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. चौक ठाण्यापासून दोन किलोमीटर, आणि घर दुसऱ्या टोकाला. आठला सुटलेला माणूस पुन्हा चौकात कशाला जाईल?

समोरच्या बाकावर त्याची बायको बसली होती, शिवणाच्या दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून. तिलाही सांगता येईना. कामातलं तो घरी बोलत नसे. चहात साखर नसली तरी गुपचूप पिणारा माणूस, म्हणाली. मग लिपिकेनं विचारलं, दवाखान्यातून सामान काय काय मिळालं? पट्टा, शिट्टी, घड्याळ, जेवणाचा डबा.

"आणि वॉकीटॉकी होता, ताई. तो नाही दिला मला. सरकारी आहे म्हणून ठाण्यातले घेऊन गेले."

लिपिकेनं फोन ओढला. ठाण्याच्या हवालदारानं आधी उडवाउडवी केली, मग आवाज उतरवला. पाळी बदलताना वहीपुढे रांग लागते, म्हणून पोरं दुपारी चौकात ड्युटीला निघतानाच आठची सही ठोकून मोकळी होतात. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

"हे लिहून द्याल?"

"बाई, नोकरी घालवता का माझी?"

"बरं, वॉकीटॉकी जमा झाल्याची नोंद कोण करतं?"



"मीच. त्या वहीत आगाऊ काही नसतं. वस्तू हातात आल्याशिवाय मी लिहीत नाही."

साडेबाराला त्या पानाचा फोटो आला. त्याच्या नावावरचा वॉकीटॉकी, संच क्रमांक सतरा, जमा: दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊ. नियमावलीतलं कलम शोधण्यात आणखी तास गेला: दिलेली साधनं जमा होईपर्यंत कर्मचारी ड्युटीवर समजावा.

साहेबांनी हजेरीची नोंद आणि वॉकीटॉकीची नोंद शेजारी शेजारी ठेवली. "हजेरीवही खोटी, कशावरून?" त्यांनी तिचाच शब्द तिच्यावर फिरवला.

"खोटी म्हणतच नाही, साहेब. तिच्यात नुसती सही लागते. दुसरीत वस्तू लागते."

"पेन्सिल मी तुमच्यासाठीच ठेवलीय," म्हणत त्यांनी खोडरबर घेतला. मंजुरी मात्र त्यांच्या हातात नव्हती, समितीच्या होती.

बाहेर शिपायाच्या बायकोनं विचारलं, मिळेल ना? लिपिकेनं हो म्हटलं नाही. उद्या दुपारी दोननंतर फोन करा, म्हणाली, आणि नंबर लिहून दिला.

समिती उद्या अकराला बसते. नऊ प्रकरणं आहेत, हे चौथं. हवालदारानं वॉकीटॉकीच्या नोंदीची मूळ वही घेऊन साडेदहाला हजर राहायचं आहे.