संपातली रिकामी जागा

आमच्या घरी पाणी सांडले त्याची हकिगत तीन तऱ्हांनी सांगितली जाते, आणि तिन्ही चूक आहेत. खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात, टाकी फुटली. सून म्हणते, दुकानाच्या माणसाने जोडणी कच्ची केली. मुलगा म्हणतो, बाबा विसरले. पहिल्या दोन समजुती अज्ञानातून आल्या आहेत, त्या मी सोडून देतो. तिसरी सोडणार नाही.

परळच्या एका तांत्रिक शाळेत मी एकतीस वर्षे जोडारीचे, म्हणजे फिटरचे, काम शिकवले. मुलाने माशांसाठी सहा फुटांची काचेची टाकी घेतली, तेव्हा तिचा लोखंडी स्टँड दुकानाच्या माणसांनी आणून ठेवला हे खरे. पण तो समपातळीत बसवला मी. आमच्या दिवाणखान्याची फरशी बाल्कनीकडे अर्धे बोट उतरते, हे त्यांना मान्यच नव्हते. मी पारदर्शक नळीत पाणी भरले आणि तिची दोन टोके स्टँडच्या दोन बाजूंना धरली. गवंडी तिला पाणसळ म्हणतात. पाणसळीशी वाद घालता येत नाही. उताराकडच्या पायांखाली पत्र्याचे तुकडे सरकवले, आणि मगच टाकी वर चढली. मुलगा पाहुण्यांना हा भाग सांगत नाही.

स्टँडच्या पोटात दुसरी, लहान टाकी असते. वरच्या टाकीच्या कोपऱ्यातून पाणी सांडून नळीने तिच्यात उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. दुकानाचा कारागीर तिला इंग्रजीतून 'संप' म्हणाला. पत्नीचे वडील लालबागच्या गिरणीत होते. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात संप नको हो. एकदा झाला तेवढा पुरे." विनोद होता, पण सगळाच विनोद नव्हता.

कारागिराने बजावले की संप काठोकाठ भरायचा नाही. वीज गेली की पंप थांबतो, वरचे थोडे पाणी खाली उतरते, त्याच्यासाठी जागा राखावी लागते. हे मला समजले होते. इतके समजले होते की सुनेला मीच आकृती काढून समजावले.

टाकीची देखभाल माझ्याकडे आली. नळाच्या पाण्यातले औषध माशांना सोसत नाही, म्हणून बाल्कनीतल्या निळ्या पिंपात ते एक दिवस शिळे करावे लागे. पत्नीला हे शेवटपर्यंत पटले नाही. आम्ही आधी राहत होतो त्या लालबागच्या चाळीत पहाटे तासभर पाणी येई, आणि शिळे ओतून ताजे भरणे हे दिवसाचे पहिले काम असे. "माणसांना ताजं नि माशांना शिळं," ती म्हणे, "आणि मासे तरी खायचे असते तर."

एका मंगळवारी लिफ्टमध्ये सूचना लागली: उद्या दिवसभर पाणी नाही. ती वाचल्यावर माझे हात डोक्याच्या आधी कामाला लागले. बादल्या भरल्या, कळशी भरली, कुकर भरला. पिंपही घरासाठी हवे होते. पण त्यात माशांचे शिळे पाणी. उद्या नळ कोरडा राहणार हे ठाऊक असताना आज पाणी मोरीत ओतणे माझ्याच्याने झाले नसते. समोर संप होता, आणि त्याचा वरचा भाग रिकामा. मी तांब्यातांब्याने तो काठापर्यंत भरला आणि समाधानाने स्टँडचे दार लावले.

दुपारी सोसायटीने मीटरच्या कामासाठी दहा मिनिटे वीज बंद केली. पाणी संपाच्या काठावरून निघाले आणि मी सांगितलेल्या उतारानेच बाल्कनीत जाऊन खालच्यांच्या छताला लागले. फरशीबद्दलचे माझे म्हणणे बरोबर होते, एवढे तरी त्या दिवशी सिद्ध झाले.

मुलगा चिडला असता तर मी सहन केले असते. तो समजुतीने बोलला. "होतं बाबा असं, या वयात." दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक चिठ्ठी लागली: पुढच्या गुरुवारी, जवळच्या इस्पितळात, स्मरणशक्तीची तपासणी. आणि टाकीचे पाणी यापुढे सून बघेल, असे मला कळवण्यात आले.

मी विसरलो नाही, असे मी सांगितले. नियम लक्षात होता तर संप भरला का, असे त्याने विचारले. मी त्याच्याबरोबर जेवायला बसणे बंद केले. पत्नी माझे ताट बाल्कनीत आणून देई. सुनेला ती तिच्या मालवणीत म्हणाली, "आता ह्यांचो येगळो संप."

रविवारी मुलगा संप साफ करत होता. मी गुडघे सांभाळत त्याच्या शेजारी फरशीवर बसलो. पंप चालू असताना पाणी जिथवर होते तिथे काचेला चिकटपट्टी लावली आणि त्याला पंप बंद करायला सांगितले. पाणी चढत गेले आणि काठाखाली चार बोटांवर थांबले.

"एवढी जागा लागते," मी म्हणालो. "मला ठाऊक होती. पण उद्या पाणी नाही म्हटल्यावर मला ती फक्त रिकामी दिसली, म्हणून भरली. विसरलो नाही मी. चुकलो."

हा शब्द त्याने माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्या विद्यार्थ्यांनीही ऐकला नसावा. त्याने पट्टीवर बोट ठेवले.

"चाळीत पिंपावर झाकण ठेवायच्या आधी तुम्ही बोट बुडवून बघायचात," तो म्हणाला. "काठापर्यंत नसलं तर मला परत नळावर पाठवायचात." मग म्हणाला, "गुरुवारचं रद्द करतो."

"नको. जाऊ. पण तिथे काय झालं ते मी सांगणार. तू नाही."

आतून पत्नीने विचारले, "मिटला का संप? मग पानं घेते."

गुरुवारी मी सगळे क्रमाने सांगितले. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला लावले; मी आधी मध्यबिंदू घेतला आणि मग वर्तुळ काढले. काळजीचे काही नाही, वर्षाने या, असे ते म्हणाले. घरी आल्यावर मुलाने पिंप धुऊन बाल्कनीत ठेवले आणि टाकीचे पाणी पुन्हा माझ्याकडे दिले. पट्टीवर मी माझ्या अक्षरात लिहिले आहे: पंप चालू असताना पाणी इथवर.

पाहुणे आले की मुलगा अजूनही सवयीने सुरू करतो, "त्या दिवशी बाबा विस..." मी खाकरतो. तो वाक्य बदलतो.