इब्राच्या वाडग्यावरची दोन नावं

चिनी बादशहांच्या भांड्यांचं वेड मला मस्कतला आल्यावर लागलं. कुणाकडे जेवायला गेले की बशी उलटी करून तळाची खूण बघते. तेवढ्यापुरता नवरा मला ओळखत नाही. पण त्याच्याच ऑफिसातला सालिम म्हणाला, इब्राला आईकडे असा एक वाडगा आहे, येऊन बघा. लगेच नवऱ्याला बुधवारी रजा टाकायला लावली.

बुधवारच का, तर त्या दिवशी तिथे बायकांचा बाजार असतो. मस्कतच्या दार्सैतमधल्या घरून सहाला निघालो, वाटेत पंपावर करक चहा आणि पराठा, दोन तासांत इब्रा. बाजारात पुरुषांना मज्जाव, त्यामुळे नवरा गाडीत आणि मी लोबान, अत्तरं, जरीच्या पट्ट्यांत. जाणार असाल तर लवकर जा, दुपारपर्यंत सगळं आवरतं.

मग सालिमच्या घरी कहवा, खजूर आणि त्याची आई, उम्म सालिम. तिने मोडक्या हिंदीत गाऱ्हाणं सांगितलं. वाडगा तिच्या आजीचा. पण चुलतभाऊ म्हणतो, आमचाच, लग्नाला दिलेला परत आलाच नाही. शुक्रवारी तो न्यायला येणार होता. तळाच्या अक्षरांत आजीचं नाव निघेल, या आशेवर तिने मला बोलावलं होतं.

निळी सहा अक्षरं, उजवीकडून, वरून खाली. मी ऐटीत वाचली: महान चिंग घराणं, च्यानलुंगच्या काळी घडवलं. वर हेही सांगितलं की पुढचे कुंभारही जुन्या बादशहाची खूण मानाने घालत, तेव्हा वयाचीसुद्धा खात्री नाही. तिने पेला खाली ठेवला. माझ्या विद्वत्तेची मलाच लाज वाटली.

वाडगा परत देताना बुडाच्या कडेला बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. भट्टीतला दोष, सालिम म्हणाला. पण आमच्याकडे लग्नाला आळीभरातली पातेली येतात आणि टिंबांनी कोरलेल्या नावांवरून घरोघर परत जातात. ती निवडण्यात माझे हात मुरलेत. पर्समधलं कुंकू काढलं, चोळलं, वरचं पुसलं. लाल टिंबांची अरबी अक्षरं उभी राहिली.

उम्म सालिमने वाडगा खिडकीशी नेला.

"शम्सा," ती म्हणाली. "मेरी नानी."

मग तिने ते सालिमला, सुनेला आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही वाचून दाखवलं. मी पुरीसारखी टम्म फुगले होते, खोटं कशाला सांगू.

चारला घरी परतलो. बादशहाच्या खुणेचा एकही धड फोटो नाही, आणि त्याचं काही वाटलंही नाही. शुक्रवारी सालिमचा फोन आला: चुलतभावाने स्वतः नाव वाचलं, कहवा घेतला आणि रिकाम्या हाताने गेला. मग आईने फोन घेतला. शम्साशेजारी नातीचं नाव घालायचंय, असं कोरणारा माणूस तुमच्या मस्कतला, रुवीच्या बाजारात मिळेल का?

अशा भांड्यावर नवं टिंब कोरणं म्हणजे पाप, हे अगदी जिभेवर आलं होतं.

"नाव नीट लिहून पाठवा," मी म्हटलं.