दत्तूआप्पांची जीभ

उसाला पाणी सोडण्याआधी दत्तूआप्पा वाकून चिमूटभर माती उचलत आणि जिभेवर ठेवत. डोळे मिटत. मग थुंकून म्हणत, "गोडी हाय अजून. सोडा पाणी." चव खारट लागली, तर पाणी बंद करून, खारं पाणी निघून जायला चर खणायला लावत. सांगलीच्या बाजूला, कृष्णाकाठी, पाणी जास्त झालं की जमीन खारावते. वर पांढरा थर येतो आणि ऊस वाळतो. तो थर दिसण्याआधी आप्पांच्या जिभेला कळायचा. आमचं रान त्यांच्या बांधाला लागून. आमची मातीही तेच चाखत. माती तपासायला पाठवू म्हटलं, तर विचारत, "रिपोर्ट येईस्तवर ऊस वाट बघतोय व्हय रं?"

त्यांची नात सई जेमतेम चालायला लागली, तेव्हापासून त्यांच्या खांद्यावर बसून रानात येई. थंडीत नदीवरून धुकं चढायचं, उसाचे तुरे त्यात तरंगत राहायचे, आणि त्या पांढुरक्या उजेडात आजोबा-नात वाफ्याच्या कडेला उकिडवे बसलेले दिसत. आप्पांनी माती जिभेवर ठेवली की तीही ठेवायची. डोळे मिटायची. फक्त थुंकायची नाही.

"कशी हाय गं?"

"गोद."

बांधावरची माणसं हसत. "आप्पा, तुमची गादी ही चालवणार," कोणीतरी म्हणे. आप्पांची मान ताठ होई. "आपल्या रानातली माती हाय गड्या. तिनं काय हुतंय?"

उन्हाळ्यापर्यंत सई कुंडीतली माती, भिंतीचे पोपडे, चुलीतला कोळसा, हाती येईल ते खाऊ लागली. भाकरीचा घास मात्र बाहेर काढी. ओठ फिके पडले, पोट पुढे आलं. दोन पावलं चालली की ती खाली बसे. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त फारच कमी होतं, पोटात जंत होते. "रक्त कमी झालं की लेकरांना माती खावीशी वाटते," डॉक्टर म्हणाले, "आणि मातीतून जंत झाले की रक्त आणखी कमी होतं. औषध देतो. पण माती थांबली नाही, तर तिला ॲडमिट करावं लागेल."

सईची आई, सून शुभांगी, आप्पांसमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. त्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहिली. "आवं आप्पा, राग येऊ द्या, पण बोलती. ती तुमचं बघून खातीया. तुमी थांबल्याबिगर ती थांबायची न्हाई."

आप्पांनी सईला उचलून मांडीवर घेतलं. मग "थांबलो" एवढंच म्हणाले.

सई घरी असताना चाखायला काय हरकत आहे, असं मी एकदा विचारलं.

"तोंड हुंगती रं ती," ते म्हणाले. "मी घरात शिरलो की पैल्यांदा नाक लावती तोंडाला. तिला फसवू व्हय?"

त्यानंतर रानात आप्पा हात पाठीमागे बांधून बसत. सई ढेकूळ उचली आणि त्यांच्या तोंडाकडे बघे. आप्पा ओठ घट्ट मिटून घेत. ती बघत राही. वारा उसातून जाई, येई. कधी ढेकूळ तोंडात जाई, मग आप्पा बोट घालून काढत आणि राजगिऱ्याचा लाडू पुढे करत. औषध चालूच होतं. पावसाळा सरता सरता ती ढेकूळ उचलून सरळ पाण्यात फेकू लागली. बुडूक आवाज झाला की टाळ्या वाजवी.

पुढच्या हंगामात आप्पांच्या रानातला एक पट्टा खारावला. पाणी त्यांनी नजरेच्या अंदाजानं दिलं होतं. उन्हं वर आली की तो पट्टा पांढरा चकाके. दुरून वाटे, तिथे ढग उतरून झोपला आहे.

"आप्पा, एकदा चाखली असती तर वाचला असता," मी म्हणालो.

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलंही नाही. सई चराच्या काठानं धावत होती, उन्हानं गाल लाल झालेले.

"ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "रान काय, धुऊन काढता येतंय."