गडहिंग्लजची बरोबरी

भूपालची आणि माझी शेवटची भेट भांडणातच झाली. तशा आमच्या बहुतेक भेटी भांडणातच व्हायच्या, पण हे भांडण अर्धवट राहिलं, याची रुखरुख आहे. तालमीच्या मैदानावर दिवे बसवायचं काम चाललं होतं. खांब उभे राहिले होते, वायरी लोंबत होत्या आणि तालमीच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी या नात्याने मी मोठ्या हौसेने ते सगळं आमच्या ट्रेनरला, म्हणजे भूपालला, दाखवत होतो. त्याने खांबांकडे बघितलंच नाही. मावळतीकडे बघितलं, शिट्टी वाजवली आणि सराव थांबवला. अजून चांगला उजेड होता. "लेका, आता दिवं येत्यात, पोरांना अंधार पडंस्तोवर तरी खेळू दे की," मी म्हणालो. "जेवायची वेळ झाली. तुझं दिवं तू लाव, माझी पोरं घरला जाणार," तो म्हणाला. मी दोन शब्द बोललो, त्याने चार ऐकवले आणि स्कूटरला किक मारून तो निघून गेला… त्याच आठवड्यात एका सकाळी राजारामपुरीतल्या त्याच्या दुकानातून फोन आला. दुकान उघडून उदबत्ती लावायला उठलेला भूपाल खाली बसला, तो परत उठलाच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने.

आमच्या तालमीचं नाव इथे लिहीत नाही. कोल्हापुरात ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोल्हापूरबाहेरच्यांना त्याचं काही पडलेलं नसणार. भूपाल मुळात तालमीचा नव्हताच. तो शिरोळकडचा, उसाच्या शेतीवाल्या जैन घरातला. मामांच्या पाण्याच्या मोटारींच्या दुकानात काम शिकायला म्हणून आला होता. मी आमच्या विहिरीची मोटार दाखवायला गेलो, तेव्हा हा गडी दोन माणसांनी उचलायची मोटार एकटाच उचलून टेबलावर ठेवत होता. मी संघाचा गोलकीपर, आणि माझ्यासमोर उभा राहणारा स्टॉपर नुकताच गुडघा मोडून घरी बसला होता. मोटारीचं राहिलं बाजूला, मी विचारलं, "पावणं, फुटबॉल खेळलाय का कधी?" तो म्हणाला, "न्हाय. पण आडवा हुतो की." त्याच्या साऱ्या खेळाचं वर्णन मला आजही याहून नेमकं करता येत नाही.

एक गोष्ट मात्र त्याने पहिल्या दिवशीच सांगून टाकली. दिवस बुडाला की तो जेवत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. आमच्याकडे मॅच जिंकली की रात्री मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ठरलेला. भूपाल त्या पंगतीला यायचा, सगळ्यांना वाढायचा आणि स्वतः कोरडा बसायचा. पोरांनी सुरुवातीला खूप चेष्टा केली. तो कधी रागावला नाही, आणि एकदाही बधला नाही.

अशात एका मोसमात आम्ही खालच्या गटातून वर चढलो. पेठेत असा गुलाल उधळला की महिनाभर गटारं लाल वाहत होती. आणि मग वरच्या गटात गेल्यावर आमची गत सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी झाली, जो येईल तो सुनावून जाई. त्या वर्षी जिल्ह्याच्या लीगमध्ये एक मॅच घरच्या मैदानावर आणि एक समोरच्यांच्या, अशी पद्धत होती. घरी आम्ही बहुतेक हरायचो आणि परगावी त्याहून जास्त हरायचो. होता होता शेवटची मॅच उरली, ती गडहिंग्लजला. एक गुण मिळाला तर वर राहणार, हरलो तर जिथून आलो तिथे परत.

भूपालसाठी हा हिशेब आणखी अवघड होता. त्याच्या वडिलांना, आप्पांना, पोरगा दुकान सोडून चेंडूमागे धावतो हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "हे एक वरीस खेळ. तुमचा संघ खाली आला तर बिस्तरा गुंडाळायचा आणि ऊस बघायला घरला यायचं." भूपाल दिल्या शब्दाचा माणूस. हरलो असतो तर तो दुसऱ्या दिवशी शिरोळच्या गाडीत बसला असता, यात मला शंका नव्हती.

गडहिंग्लजचं मैदान म्हणजे तीन बाजूंनी माणसं आणि चौथ्या बाजूला ऊस. माणसं ट्रॉल्यांवर चढून बसलेली, हलग्या कडाडत होत्या. आम्ही टेम्पोतून उतरलो तेव्हाच एक म्हातारा मायेने म्हणाला, "कशाला आलासा एवढ्या लांब? फोनवर हरला असता की." त्यांचा सेंटर फॉरवर्ड बसू म्हणून होता, काळा, काटक, वाऱ्यासारखा पळणारा. आमच्या मैदानावर त्याने एकट्याने तीन गोल घातले होते. त्यात पहिल्या हाफमध्येच आमचा एक पोरगा पंचांशी हुज्जत घालून बाहेर गेला. राहिलो दहा.

दुसऱ्या हाफमध्ये ऊन थेट माझ्या डोळ्यांत. उंचावरून आलेला चेंडू मला दिसतच नव्हता. एरवी दिवसभरात दहा शब्द बोलणारा भूपाल त्या दिवशी सतत बोलत राहिला. "डावीकडं… उंच हाय… सोड, बाहेर चाललाय… आता धर." तो सांगेल तिथे मी झेपावत होतो. एकदा चेंडू माझ्या हाताखालून गेलाच. मी मागे वळून बघितलं तर भूपाल गोलरेषेवर आडवा पडलेला आणि चेंडू त्याच्या पोटाशी. बसूने त्याला ढकललं, ओढलं, शिव्या दिल्या. भूपाल त्याला सावलीसारखा चिकटून होता. आणि मध्येच पंचांना विचारायचा, "साहेब, टाइम किती झाला?" चार-पाच वेळा विचारल्यावर बसू भडकला. "टाइम काय इचारतोस सारखा? वेळ काढतोस व्हय?"

"न्हाय," भूपाल धापा टाकत म्हणाला, "दिस बुडायच्या आत जेवायचं हाय मला. सकाळधरनं उपाशी हाय."

बसूने मावळतीकडे एक नजर टाकली आणि मग कॉर्नर घ्यायला पळाला. त्या कॉर्नरवर मी दोन्ही मुठींनी चेंडू उसात घालवला. चेंडू शोधून आणेपर्यंत पंचांनी लांब शिट्टी मारली. शून्य-शून्य. मी गुडघ्यांवर बसून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मैदानाबाहेर मात्र तंग वातावरण होतं. त्यांच्या पोरांनी आमचा टेम्पो अडवला होता. आमची पोरंही काही गोगलगाय नव्हती. बाचाबाची वाढत चालली आणि भूपाल एका कडेला उभा राहून मावळतीकडे बघत होता. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बसू आला. त्याचा शर्ट भूपालनेच ओढून फाडलेला. मला वाटलं, आता हाणामारी. मी पुढे झालो. बसू भूपालला म्हणाला, "चल, गाडीवर बस. उपाशी जाऊ नगंस आमच्या गावातनं." आणि मग त्याच्याच पोरांकडे वळून ओरडला, "टेम्पो सोडा रं. पावणं हायत ती."

भूपालला एकटं सोडायला मन होईना, म्हणून मीही त्याच मोटरसायकलवर तिसरा बसलो आणि टेम्पोला मागून यायला सांगितलं. बसूचं घर गल्लीच्या तोंडालाच होतं. त्याची आई, सगळे तिला अव्वा म्हणायचे, भाकरी थापत होती. तिने आमचे मातीने भरलेले कपडे बघितले आणि एवढंच विचारलं, "कोन जिंकलं?"

"कुनीच न्हाय, अव्वा."

"मग दोघंबी जेवा."

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. दारातून ऊन आत आलं होतं आणि ते सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत जाईतो भूपालने चार भाकरी संपवल्या. मग पाणी प्यायला आणि बसूच्याच फोनवरून त्याने आप्पांना फोन लावला. "आप्पा, बरोबरी झाली." पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला. "म्हंजे हरला का जिंकला?" "दोन्ही न्हाय." "मग खाली आला का?" "न्हाय. वरच ऱ्हायलो." आप्पा म्हणाले, "मग ऱ्हा तितंच."

परत येताना टेम्पोत कुणीतरी जपून आणलेलं गुलालाचं पोतं तसंच पडून होतं. गुलाल जिंकल्यावर उधळायचा, हा आमच्याकडचा रिवाज. भूपालने पोत्याची सुतळी तोडली. कुणी म्हणालं, "शून्याला कुठं गुलाल असतोय?" तो म्हणाला, "शून्य त्यांचंबी हाय की." कोल्हापूरच्या वेशीपासून आम्ही नाचत आलो. पेठेपेठेतून लोकांनी 'शून्याची मिरवणूक' म्हणून टिंगल केली. खुशाल करू देत. मी बक्षिसाचे करंडकही उचलले आहेत, पण तेवढी ताठ मान माझी पुन्हा कधी झाली नाही.

पुढे मामांचं दुकान भूपालकडे आलं आणि तो आमचा ट्रेनरही झाला. पोरांनी उजेडात जेवावं म्हणून सराव तो रोज दिवस बुडायच्या आत थांबवायचा. त्याच्या हाताखाली पोरं घडली, काही चांगल्या संघांत गेली, आणि आमची तालीम पुन्हा कधी खालच्या गटात गेली नाही. त्याच्या अंत्यविधीला बसू गडहिंग्लजहून आला होता. केस पिकलेत त्याचे. निघताना माझा हात धरून म्हणाला, "उपाशी न्हाय न्हवं गेला?" मी म्हटलं, "न्हाय. सकाळी जेवूनच दुकानाला आलता." त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

गेल्या आठवड्यात मैदानावरचे दिवे पहिल्यांदा लागायचे होते. बटण दाबायला मला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा सराव चालू होता आणि सूर्य खाली आला होता. शिट्टी वाजवायला भूपाल नव्हता. तरी पोरं आपसूक थांबली, चेंडू जाळीत भरले आणि मला वाटलं, आता ही घरी जाणार, मी मोकळ्या मैदानावर दिवे लावत बसणार. पण पोरं गेली नाहीत. मैदानाच्या कडेला ओळीने बसली आणि प्रत्येकाने पिशवीतून डबा काढला. कप्तान म्हणाला, "काका, बसा की. जेवून घेऊया, मग लावा दिवं. रात्री खेळायचं हाय."

मी डबा नेला नव्हता. अर्धी भाकरी एकाने दिली, चटणी दुसऱ्याने. खाता खाता ध्यानात आलं की आमचं ते अर्धवट राहिलेलं भांडण मिटलं. त्याचं जेवण झालं, माझे दिवे लागणार. म्हणजे यातही बरोबरीच… शेवटचा घास घेऊन मी मावळतीकडे बघितलं. थोडं ऊन शिल्लक होतं. मी हात धुतले आणि बटणाकडे गेलो.