तेजरामच्या बाजूचा धुरा

तेजराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी चार दिवसांसाठी फुलचूरला मुलाच्या घरी आलो होतो, लसूण सोलत बसलो होतो. अमेरिकेतून त्याच्या बायकोचा फोन. झोपेतच गेला, त्रास झाला नाही, म्हणाली. मी फोन ठेवला आणि... खोटं कशाला बोलू, दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की बरं झालं बापा, त्याला सांगून टाकलं होतं. मित्र गेला आणि मला सुटल्यासारखं वाटतं, म्हणून माझी मलाच लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.

सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावात त्याची अन् माझी धानाची शेती लागून. मधे एकच धुरा, म्हणजे बांध, त्यावर तुरीची ओळ. शाळेतही आम्ही एकाच बाकावर. पुढे मी मास्तर होऊन गावातच राहिलो, तो इंजिनियर झाला आणि १९९९ साली अमेरिकेत ट्रॅक्टरच्या कारखान्यात गेला. त्याची शेती धाकटा भाऊ पाहू लागला, अगदी गरीब गाय. आणि इथंच माझी नियत फिरली. दर उन्हाळ्यात धुरा साफ करताना मी माझ्या बाजूनं कुदळीनं छिलायचो आणि तीच माती पलीकडं टाकायचो. वर्षाला चार-पाच बोटं. कोणाच्या लक्षात येणार? बारा वर्षांत धुरा चांगला दोन हात सरकला. नड होती म्हणावं तर तसंही नाही. घरचं खाऊन-पिऊन सुखी, वरून पगार. हाव, दुसरं काय! आणि शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारा मीच.

२०१२ साली मुलीकडं शिकागोला गेलो, तर तेजराम गाडी घेऊन मला न्यायला हजर. त्याचं घर आयोवात, दिवसभराचा रस्ता. गाडी शिकागोबाहेर पडली आणि हा गडी जो सुटला! कितीतरी महिन्यांत, बायको सोडली तर, आपली बोली बोलायला माणूस मिळाला नव्हता त्याला. गावातल्या म्हशींचीसुद्धा चौकशी केली. बोलता बोलता सहज म्हणाला की येत्या उन्हाळ्यात मोजणी आणतो आणि जमीन पुतण्याच्या नावानं करून देतो... माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोजणी म्हणजे सारं गाव धुऱ्यावर जमणार, मोजणीदार खुणा दाखवणार आणि मास्तर चोर ठरणार. गावाचं एक वेळ सोडा, तेजरामला हे मोजणीदाराच्या तोंडून कळलं असतं तर त्यानं पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं. दिवस मावळायच्या आत सांगायचंच, असं ठरवलं. पेट्रोल भरायला थांबलो तिथं जीभ उचलली नाही. जेवायला थांबलो तिथं त्यानं मला मटण चालत नाही हे वाढणाऱ्या बाईला दहा मिनिटं समजावलं, शेवटी समोर आलं उकडलेलं कणीस आणि पाव. त्यावर तो इतका हसला की माझं बोलणं पुन्हा राहून गेलं.

दुपारी पाय मोकळे करायला त्यानं एका शेताच्या कडेला गाडी उभी केली. नजर पोचेल तिथवर मका. डोक्याच्या वर गेलेला, आणि मधे कुठं धुरा म्हणून नाही. मी विचारलं तर म्हणाला, इथं लागत नाही, दिसते तेवढी एकाचीच असते, आपल्याकडंच धुऱ्यापायी डोकी फुटतात. मग मात्र मला राहवलं नाही. मक्याकडं तोंड करून सगळं सांगून टाकलं. वळून पाहिलं तर तेजराम गाडीत जाऊन बसला होता.

मी शेजारी बसलो, तशी त्यानं गाडी काढली आणि तासभर माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. हा आता मला उतरवून देणार, असं वाटत होतं, आणि त्या मुलखात एसटीचा थांबा तरी कुठला! मग त्यानं रस्त्यावरची नजर न काढता माझ्यापुढं तळहात पसरला. खर्रा मागत होता. सुपारी-तंबाखूची ती पुडी मी गोंदियाहून मोज्यांत लपवून आणलेली, मुलीलाही पत्ता नव्हता. मी चिमूटभर हातावर ठेवला. त्यानं तो दाढेखाली धरला आणि विचारलं, "किती सरकवला?"

"दोन हात."

"मजूर लावून का?"

"नाही. स्वतःच."

"मंग परत बी स्वतःच टाकजो. मी येतो पाहाले." खर्रा दुसऱ्या गालात सरकवून म्हणाला, "मले लय राग आला गा. पण दुसऱ्यानं सांगितलं असतं, त मी मेलो असतो."

पुढच्या उन्हाळ्यात खरंच आला. मोहाच्या झाडाखाली खाट टाकून बसला आणि साठीचा मी दोरी लावून धुरा परत टाकत होतो. येणारा-जाणारा विचारायचा, तर हाच सांगायचा की पावसानं खचला होता, मास्तर नीट करून राहिला. तिसऱ्या दिवशी मला धाप लागली तेव्हा उठला, मला दोन शिव्या घातल्या आणि हातातली कुदळ काढून घेतली. उरलेलं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. मोजणीची मग त्याला घाईच राहिली नाही. गावी आला की सकाळचा चहा मात्र त्याच धुऱ्यावर बसून प्यायचा, मलाही बोलावून घ्यायचा.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याच्या पुतण्यानं मोजणी आणली. मला आधीच बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, मोठेबाबा सांगून गेले, तुमच्याकडचा धुरा मोजायचा नाही. मास्तरनं टाकला, तोच कायम. घरात सगळ्यांनी कारण विचारलं, तर नुसते हसले."

म्हणजे त्यानं घरात कोणालाच काही सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं... बायकोला नाही, भावाला नाही. मी हट्टानं ती बाजू मोजायला लावली. बोटभराचाही फरक निघाला नाही. माणसं पांगल्यावर पुतण्याला धुऱ्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेजरामला सांगताना मक्याकडं तोंड केलं होतं, या वेळी पोराच्या डोळ्याला डोळा देऊन बोललो. पोरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "यंदा याच्यावर तूर तुम्हीच टाका, गुरुजी."

टाकली. परवाच्या पावसात उगवूनही आली. रोज सकाळी चहाचा पेला घेऊन तिथं जातो आणि तेजरामच्या बाजूला पाय सोडून बसतो.